घरी टेम्पे कसं लावायचं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जावा बेटावरच्या साध्या जेवणात भात, वाटलेल्या मिरचीचं सांबाल, एखादी पातळ भाजी आणि टेम्पेचे दोन-चार तळलेले काप असतात. शिजवलेल्या सोयाबीनवर ठरावीक बुरशी वाढवली की तिच्या धाग्यांनी दाणे एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यांची वडी तयार होते. ती कापायची आणि तळायची किंवा रसात शिजवायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेल्या 'सेरात चेंथिनी' या जावानी काव्यग्रंथात टेम्पेचा उल्लेख आहे, म्हणजे पदार्थ त्याहून जुना. तिकडे ते गरिबाघरचं, रोजचं खाणं. आपल्याकडे मात्र ते आलं शहरातल्या महागड्या दुकानांतून, व्यायाम करणाऱ्यांचं प्रथिन म्हणून, हवाबंद पाकिटात. १०० ग्रॅम टेम्पेत १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण त्यासाठी इतके पैसे मोजायची गरज नाही.

आज इंडोनेशियात टेम्पेला लागणारं बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून येतं. इकडे लातूर-वाशीमच्या शिवारातलं सोयाबीन तेलगिरण्यांत जातं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि ज्याच्या शेतात ते पिकतं त्याच्या ताटात ते क्वचितच दिसतं. सोयाबीनचा उग्र वास हे त्याचं एक कारण. टेम्पेत तो वास बराचसा जातो.

कृतीत कठीण असं काही नाही. कामं साधी आहेत, वेळ लांब आहे, आणि सगळं लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचं: दाण्यावर पाणी राहता कामा नये. इडलीच्या पिठाला ओल हवी असते, टेम्पे ओलीने बिघडतं. पहिल्या खेपेला फसलेल्या बहुतेक टेम्पेचं मूळ इथेच सापडतं.

काय लागेल

पहिल्यांदा पाव किलो सोयाबीन पुरे. त्यातून ४०० ग्रॅमच्या आसपास टेम्पे होतं, चार माणसांच्या एका जेवणाला भरपूर. सोयाबीन किराणा दुकानातलं, शक्यतो याच वर्षीचं घ्या. जुना दाणा कितीही शिजवला तरी चिवट राहतो. घरी शेती असेल तर एक खबरदारी: पेरणीसाठी आणलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा रंगही लावलेला असतो. ते विषारी असतं, धुऊनही खाण्याजोगं होत नाही.

विरजण म्हणजे रायझोपस जातीच्या बुरशीचे बीजाणू, भुकटीच्या रूपात. जावात त्याला 'रागी' म्हणतात. पूर्वी तिथे जास्वंदाच्या कुळातल्या वारू नावाच्या झाडाची पानं वापरत. पानाच्या मागच्या लवेत बुरशी धरून राहते. ती पानं आधीच्या टेम्पेत ठेवून वाळवायची आणि पुढच्या खेपेला दाण्यांवर चोळायची. आपण तयार पाकीट घेऊ. इंटरनेटवर सहज मिळतं, एका लहान पाकिटात अनेक खेपा होतात. आल्यावर हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. दह्याचं विरजण जसं कालच्या दह्यातून घेतो तसं इथे कालच्या टेम्पेचा तुकडा घालून भागवू नका. त्यात नको ते जिवाणूही पुढे जातात आणि दोन-तीन खेपांत सगळं बिघडतं.

बाकी लागतं ते साधा पांढरा व्हिनेगर, दोन मोठे सुती पंचे, झिप असलेल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि दाभण. स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर छान. नसला तर हात लावून अंदाज घ्यावा लागेल, तेही जमतं.

वेळेचं गणित

शुक्रवारी रात्री भिजत घाला. शनिवारी सकाळी सोला आणि शिजवा, दुपारी पिशवीत भरा. रविवारी संध्याकाळी टेम्पे हातात, फार तर सोमवारी सकाळी. शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी घरात कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी लावण्यापेक्षा हेच बरं.

भिजवणं आणि सोलणं

सोयाबीन निवडून, धुऊन चौपट पाण्यात घाला. दाणा भिजून दुपटीहून जास्त फुगतो, भांडं मोठं घ्या. बारा तास भिजू द्या. उन्हाळ्यात सकाळपर्यंत पाण्यावर फेस येतो, थोडा आंबूस वास येतो. घाबरू नका, तो हवाच. जावात दाणे आधी एक उकळी देऊन मग रात्रभर भिजवतात आणि पाणी मुद्दाम आंबू देतात. या आंबटपणामुळे टेम्पे बिघडवणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो, बुरशीला मात्र त्याचा त्रास होत नाही. आपल्याकडे थंडीत पाणी तेवढं आंबत नाही, म्हणून पुढे व्हिनेगर घालायचा.

आता सालं काढायची. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि टाळता न येणारंही हेच, कारण बुरशीला सालीतून आत शिरता येत नाही. साल राहिलेला दाणा वडीत सुटा राहतो आणि कापताना गळून पडतो. भांड्यात भरपूर पाणी ठेवून दोन्ही हातांनी दाणे चोळा, कपडे धुताना चोळतो तेवढ्याच जोरात. दाणे दोन डाळिंब्यांत फुटतात, सालं सुटतात. भांडं थोडं हलवलं की हलकी सालं वर येतात. पाणी तिरकं ओतून ती चाळणीत घ्या. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. सात-आठ वेळा केलं की बहुतेक सालं जातात. शंभरातल्या पाच-दहा दाण्यांना साल राहिली तरी चालतं, त्यासाठी नखं घासत बसू नका. जावातल्या खेड्यांत हेच काम टोपल्यांत दाणे घालून वाहत्या पाण्यात पायांनी तुडवून करत. सोललेली सोयाडाळ कुठे मिळाली तर घ्याच, अर्धा तास वाचतो.

शिजवणं

दाणे नव्या पाण्यात, उघड्या पातेल्यात शिजवा. पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. उकळी आल्यावर भरपूर फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहा. कुकर वापरू नका. सोयाबीनचा फेस आणि सुटी सालं शिट्टीच्या भोकात अडकतात, आणि अडकलेला कुकर धोक्याचा. शिवाय कुकरमध्ये दाणा मऊ होण्याचा क्षण चुकतो आणि लगदा होतो. लगद्यात हवेला जागा उरत नाही, आणि हवा नसेल तर ही बुरशी वाढत नाही.

पातेल्यात ३५ ते ४५ मिनिटं लागतात. दाणा दोन बोटांत दाबला की दबायला हवा, पण त्याचा आकार टिकायला हवा. दाताखाली कच्चा लागत असेल तर अजून शिजू द्या, कारण बुरशी दाणे बांधते, शिजवत नाही.

सुकवणं

इथे घाई करू नका. दाणे चाळणीत ओतून दहा मिनिटं निथळू द्या. मग सुती पंचावर एका थरात पसरा आणि दुसऱ्या पंचाने वरून टिपा. पंखा लावा, मधूनमधून दाणे हलवा. घाई असलीच तर निथळलेले दाणे कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं सतत परता, वाफ निघून जाते. दाणा हाताला दमट लागला तर चालेल, ओला लागता कामा नये. मूठभर दाणे उचलून खाली सोडा: ते सुटे पडायला हवेत आणि तळहातावर पाणी दिसायला नको. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत नुसत्या पंख्यावर हे होत नाही, तिथे कढईच वापरा.

सुकवता सुकवता दाणे गारही होतात. विरजण घालताना ते कोमट, ३५ अंशांच्या खाली असावेत. गालाला लावून पाहा, चटका बसला नाही की झालं. गरम दाण्यांत घातलेलं विरजण मरतं, आणि ते मेलं हे दुसऱ्या दिवशीच कळतं.

विरजण लावणं आणि भरणं

पाव किलो कोरड्या सोयाबीनसाठी साधारण अर्धा छोटा चमचा विरजण लागतं, पण पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते माना. एवढीशी भुकटी सगळ्या दाण्यांना लागावी म्हणून ती आधी चमचाभर कोरड्या तांदळाच्या पिठात मिसळा. मग थोडी थोडी भुरभुरत दोन-तीन मिनिटं दाणे खालीवर करा. चमचा आणि हात स्वच्छ, कोरडे हवेत.

पिशव्या दाणे भरण्याआधीच टोचून ठेवा. दोन्ही बाजूंनी, दाभणाने, एक-दीड सेंटिमीटरच्या अंतरावर. भोकं मोठी पाडू नका, नाहीतर तिथे बुरशी काळी पडते. दाणे भरून पिशवी बंद करा आणि हाताने सपाट करा. जाडी दोन ते अडीच सेंटिमीटरच्या पुढे नको. जाड वडीचा मधला भाग एक तर बांधला जात नाही किंवा फार तापतो. दाणे एकमेकांना टेकलेले हवेत, पण चेपू नका.

प्लास्टिक नको असेल तर केळीचं पान घ्या. जावाची जुनी पद्धत तीच, आणि आपल्या परसात पान असतंच. पान विस्तवावरून फिरवून मऊ करा, दोन थरांत दाणे गुंडाळा, सुतळीने सैल बांधा. पानाला भोकं पाडायची गरज नाही, घड्यांतून पुरेशी हवा जाते. पानातल्या टेम्पेला छान वास येतो, पण आतलं काही दिसत नाही. म्हणून पहिली खेप पिशवीतच करा. काय चाललंय ते डोळ्यांनी पाहता येतं.

ऊब

बुरशीला ३० ते ३२ अंश हवे असतात. २५ च्या खाली ती रेंगाळते, आणि ४० च्या आसपास गेलं की जिवाणू वरचढ होतात. मार्च ते जूनमध्ये महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली तरी पुरतं. मात्र विदर्भात मे महिन्यात घरातली सगळ्यात थंड जागा शोधावी लागेल. पुण्या-नाशिकच्या थंडीत बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा, किंवा थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटलीसोबत, आणि बाटली पाच-सहा तासांनी बदला. पिशव्या थेट फरशीवर ठेवू नका. खाली जाळी ठेवा, म्हणजे खालच्या भोकांनाही हवा मिळेल.

पहिले बारा तास काहीच घडत नाही असं वाटतं. मग पिशवीच्या आत बारीक दव दिसतं आणि दाण्यांमध्ये पांढरी झाक येते. इथून पुढे बुरशी स्वतःच उष्णता तयार करते, पिशवी हाताला गरम लागू लागते. नवखे बरेचदा इथे चुकतात: ऊब द्यायचीच असते असं धरून दिवा चालू ठेवतात, आणि रात्रीतून टेम्पे जास्त तापून जातं. पिशवी गरम लागली की दिवा बंद करा, बाटली काढा, पिशव्या एकमेकींवर रचलेल्या असतील तर वेगळ्या करा.

२४ ते ३६ तासांत, थंडीत ४८ पर्यंत, दाणे पांढऱ्या थराखाली जवळजवळ झाकले जातात आणि वडी घट्ट होते. एका टोकाला धरून उचला. ती न वाकता, न तुटता सरळ राहिली की झालं.

चांगलं की वाईट

चांगल्या टेम्पेला ताज्या अळंब्यांचा वास येतो. भोकांपाशी करडे-काळे डाग असतील तर ते त्याच बुरशीचे बीजाणू आहेत, खाल्ले तरी चालतात. पिशवी जरा उशिरा उघडली एवढाच त्याचा अर्थ. अमोनियाचा सौम्य वास म्हणजे टेम्पे थोडं पुढे गेलंय, शिजवताना तो उडतो. दाणे बुळबुळीत झाले, वास उग्र घाण आला, किंवा गुलाबी, लाल, पिवळा, हिरवा रंग दिसला तर सगळं टाकून द्या. तेवढाच भाग कापून उरलेलं वाचवायला जाऊ नका.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात हा मोह होणं साहजिक आहे. टेम्पेच्या दाण्यांत ओलं खोबरं, खोबऱ्याचा चोथा किंवा पेंड मिसळू नका. मध्य जावातल्या बान्युमास भागात नारळाच्या चोथ्याचं 'टेम्पे बोंगक्रेक' करत असत. त्यात एक जिवाणू वाढला तर बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार होतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि ते उकळून किंवा तळूनही जात नाही. त्यापायी अनेक माणसं दगावली आणि १९८८ मध्ये इंडोनेशियात त्यावर बंदी आली. खोबरं ताटात घ्या, सांबालात घ्या, विरजणात नको.

खायचं कसं

कच्चं खाऊ नका. आणि पहिल्या दिवशी त्याची पनीरसारखी भाजी करू नका, हा माझा आग्रह. टेम्पे कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत बुडवलं की त्याची चव हरवते आणि मग लोक म्हणतात, यात काय विशेष. पहिली चव जावाच्या पद्धतीने घ्या.

तीन-चार लसूण पाकळ्या, एक छोटा चमचा धणे, मीठ आणि चिमूटभर हळद खलबत्त्यात बारीक करा, पाऊण वाटी पाण्यात कालवा. टेम्पेचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप त्यात पंधरा मिनिटं ठेवा. निथळून गरम तेलात सोनेरी तळा. तेल खोबरेल असेल तर उत्तम. बस. सोबत लाल मिरच्या, लसूण, मीठ आणि टोमॅटो तेलात परतून वाटलेलं सांबाल आणि गरम भात.

दुसरा पदार्थ 'टेम्पे बाचेम', योग्यकर्ता आणि मध्य जावाकडचा, गोडसर. मराठी जिभेला बहुधा सर्वांत लवकर आवडेल असा हाच, कारण गूळ, चिंच, धणे हे सगळं आपलंच आहे. जावात माडाच्या रसाचा गूळ घालतात. गोव्यात मिळणारा माडाचा गूळ त्याच्या अगदी जवळचा, तो नसेल तर साधा काळसर गूळ चालेल. २५० ग्रॅम टेम्पेच्या जाड फोडींना दोन वाट्या शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी, ५०-६० ग्रॅम गूळ, सुपारीएवढी चिंच कोळून, दोन चमचे धणे, चार लसूण पाकळ्या आणि चार लहान कांदे वाटून, मीठ. मिळालं तर गलांगल (आल्यासारखं मूळ) ठेचून. जावात सालाम नावाची पानंही घालतात. ती इथे मिळत नाहीत, आणि त्यांच्या जागी तमालपत्र घालू नका, वास भलताच होतो. झाकण ठेवून मंद आचेवर रस पूर्ण आटू द्या. फोडी तपकिरी आणि चकचकीत होतात. खाण्याआधी तेवढ्याच, थोड्या तेलात परतून घ्या. गुळामुळे पटकन करपतात, तव्याजवळून हलू नका. आटवलेल्या फोडी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात.

बान्युमासचं 'मेंडोआन' म्हणजे टेम्पेचे पातळ, रुंद काप तांदूळ आणि गव्हाच्या पिठाच्या सरसरीत घोळात बुडवून तळलेले. घोळात धणे, लसूण, मीठ आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. भज्यांसारखे कुरकुरीत करायचे नाहीत, मऊ असतानाच काढायचे आणि हिरव्या मिरचीचा तुकडा तोडत खायचे. डब्यासाठी 'ओरेक': टेम्पेच्या बारीक काड्या कडक तळून लसूण, मिरची आणि गुळाच्या पाकात घोळवायच्या.

तयार टेम्पे फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं, पण तिथेही बुरशीचं काम हळूहळू चालूच राहतं. जास्त दिवस ठेवायचं असेल तर दहा मिनिटं वाफवून, गार करून फ्रीझरमध्ये टाका. जावात थोडं पुढे गेलेलं, तपकिरी, उग्र वासाचं टेम्पे टाकत नाहीत. नारळाच्या दुधातल्या 'लोदेह' भाजीत त्याचा तुकडा घालतात, आणि पूर्व जावातल्या केदिरी गावचं सांबाल तुम्पांग त्याच्यावरच उभं आहे. तो वास ओळखायला सवय लागते, तेव्हा पहिल्या काही खेपांत या वाटेला जाऊ नका.

सोयाबीनचं एकदा नीट जमलं की हरभरा डाळीचं करून पाहा. सालं काढायचं काम वाचतं. डाळ चार तास भिजवा, व्हिनेगरच्या पाण्यात दहा-बारा मिनिटंच शिजवा. ती पटकन फुटते, म्हणून सातव्या मिनिटापासून दाणा दाबून बघत राहा.